बारा जुलैची पहाट

हालिनाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मोंजी इतकी वर्षं स्वतःला सांगत आला होता. पण राहून जायला तेहेतीस वर्षं लागत नाहीत, हेही त्याला कळत होतं.

आत्ताही तो चटया गुंडाळत होता आणि अंगणातून त्याच्या बायकोचं, मनूबियाचं, चालूच होतं.

"दोन कलिंगडं घे. मोठी. गेल्या साली तू आणलेलं बघून शेजारचा शाझली म्हणाला, हे कलिंगड आहे का अंडं?"

"दोन कशाला? आपण दोघंच तर आहोत."

"औस्सूच्या रात्री कोणी दोघंच असतं का, माणसा? कोणी ना कोणी येऊन टेकतंच. ती नव्हती का आली, ती पोलंडवाली? अर्धं कलिंगड एकटीने फस्त केलं. बिया कशा थुंकायच्या ते मी शिकवलं तिला. आणि नंतर? मेलीने 'पोचले' एवढंसुद्धा कळवलं नाही."

मोंजीने चटईची दोरी नको तितकी घट्ट आवळली. दरवर्षी चोवीस जुलैला, कलिंगडाच्या आगेमागे, हे बोलणं ठरलेलं. आणि दरवर्षी तो "हं" म्हणून दुसऱ्या खोलीत जाई. त्या खोलीत फळीवर त्याचा जाडजूड शब्दकोश होता आणि त्यात हालिनाचं पत्र होतं. मनूबियाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे शब्दकोश ही घरातली सगळ्यात सुरक्षित जागा होती.

मोंजीने आपल्या गावात, सीदी नामानच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कारकुनी केली. पहाटे होड्या निघायच्या आधी कोळ्यांना बर्फाच्या लाद्यांच्या चिठ्ठ्या फाडून द्यायच्या आणि उरलेल्या वेळात पुस्तक वाचायचं, असं त्याचं आयुष्य. चार माणसांत त्याचा आवाज निघत नसे. कोळी त्याला मानाने 'सी मोंजी' म्हणत, जसं मनूबियाला 'लल्ला मनूबिया', आणि मागून 'बर्फ' म्हणत. कारखान्यात पाऊल टाकलं की त्याचं पहिलं काम म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडणं. पानावर मधोमध ठळक आकड्यांत सरकारी तारीख, वर कोपऱ्यात चांद्र महिन्याची तिथी आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, जुनी अजमी तारीख. ती सरकारी तारखेच्या तेरा दिवस मागे चालते. सरकारी कामात तिला कोणी विचारत नाही. पण जैतुनाची छाटणी कधी, मासे किनाऱ्याकडे कधी येतात, पाण्यात उतरायचं कधी, हे सगळं तिच्यावर. म्हातारी माणसं तिलाच तारीख म्हणत आणि मधल्या ठळक तारखेला सरकारचे आकडे.

ते पान रोज स्वतःच्या हाताने फाडणाऱ्या माणसाने तारखेचीच चूक करावी, हे मोंजीला स्वतःचंच पटत नसे.

ती पोलंडवाली आली तेव्हा तो चौतीसचा होता.

औस्सू, म्हणजे भर उन्हाळ्याचे चाळीस दिवस, लागायच्या आदल्या रात्री सगळं गाव समुद्राकडे उतरतं. त्या साली तर चांदणं असं पडलं होतं की दिवे आणलेल्यांना ओशाळल्यासारखं झालं. चटया पसरलेल्या, शेगड्यांवर चहाची लहान किटली, मसालेदार मॅकरोनीची पातेली फडक्यात बांधलेली, कलिंगडं ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली. मुलं जिथे झोप आली तिथे आडवी. म्हातारे पत्त्यांवरून भांडत होते. पलीकडे, उलट्या टाकलेल्या होड्यांच्या आडोशाला, काही पोरं वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्यांतून बिअर पीत होती. ती आहेत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्या बाजूला कोणी बघत नव्हतं.

पाण्याच्या कडेकडेने एक बाई आली. चपला हातात, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. दहा पावलांवर थांबली आणि तशीच उभी राहिली.

"ती बाई उभी का आहे?" मनूबिया म्हणाली. "गावातल्या चटया संपल्या का?" आणि तिने हाकच मारली, "ए बहिणी! बसायचं तर बस, जायचं तर जा. मध्येच उभी राहून माझा चंद्र नको अडवू."

बाई जवळ आली आणि अरबीत म्हणाली, "मी इथे बसते. किती पैसे?"

आजूबाजूच्या सगळ्या चटया हसल्या. शेजारचा शाझली, तेव्हा नुकताच स्वतःची होडी घेतलेला, उठून म्हणाला, "बसायचे दहा, हसायचे वीस. आणि चंद्राकडे बघितलं तर त्याचे वेगळे."

तिचं नाव हालिना. लिबियातल्या एका इस्पितळात नर्स होती. तिथल्या रोग्यांकडून ती अरबी शिकली होती, त्यामुळे तिच्या तोंडून जे काही निघे ते नर्सचा हुकूम होऊनच निघे. चहा आवडला, तर "छान. रोज तीन वेळा" म्हणाली. मनूबियाच्या मांडीवर कोणाचं तरी मूल रडायला लागलं, तर "कुठे दुखतं? बोट दाखव." बायका हसून हसून आडव्या झाल्या.

रजा घेऊन ती तीन आठवडे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत होती.

"मला काही नको," ती म्हणाली. "रात्री समुद्राजवळ बसायचं. फक्त बसायचं. हॉटेलात गेले, तर ढोल, लाल दिवे, आणि सगळे म्हणतात नाच. कॅफेत गेले, तर सगळे पुरुष, आणि सगळे माझ्याकडे बघतात. वाळूत एकटी बसले, तर कोणी तरी येतो आणि विचारतो, बाई, काय झालं?"

"इथेही विचारणारच," शाझली म्हणाला. "फक्त आम्ही 'काय झालं' नाही विचारत, 'काय खाणार' विचारतो."

तिने मॅकरोनी खाल्ली, कलिंगड खाल्लं. मग पाय लांब करून बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. चटयांची ती रांग दोन्हीकडे नजर पोचेल तिथपर्यंत गेलेली होती आणि एवढ्या माणसांतून समुद्राचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मोंजीला तिच्या चेहऱ्याकडे बघायचा संकोच वाटला. मशिदीत बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघू नये, तसा. आपल्या या रोजच्या वाळूकडे कोणी असं बघू शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"कोणीच काही करत नाही," ती हळूच म्हणाली. "सगळे फक्त आहेत."

रात्र उतरणीला लागली तशा बायका उठल्या. औस्सूच्या पाण्यात पहाटेच्या आधी सात लाटा अंगावर घ्यायच्या. वर्षभराची दुखणी समुद्र ठेवून घेतो म्हणतात. अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरून घेतलेल्या पांढऱ्या चादरींसकट, एकमेकींचे हात धरून त्या आत शिरू लागल्या. फार बोलत नव्हत्या. मनूबिया बसून राहिली. तीन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाची होडी परत आली नव्हती, तेव्हापासून तिने समुद्राला पाऊल लावलं नव्हतं. तिच्या आईने विनवलं होतं, मोंजीने त्याच्या पद्धतीने, म्हणजे एकदाच आणि पुटपुटत, सांगून पाहिलं होतं.

हालिनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने उभं राहून हात पुढे केला आणि आपल्या इस्पितळी अरबीत म्हणाली, "चला. उठा. हळूहळू. घाबरायचं नाही, मी आहे."

आणि मनूबिया उठली.

मोंजीने ते सगळं काठावरून पाहिलं. दोघी गुडघाभर, मग कमरेइतक्या, मग छातीइतक्या पाण्यात गेल्या. पांढऱ्या चादरी पाण्यावर फुलून पसरल्या होत्या, शे-दोनशे, आणि त्यांच्यामधून चंद्राचा पट्टा थेट क्षितिजापर्यंत गेला होता. एक लाट आली की सगळ्या बायका एकदम वर उचलल्या जात आणि एकदम खाली येत, जणू समुद्राने त्यांना ओंजळीत घेतलं आहे. "एक!" किनाऱ्याच्या एका टोकाकडून आकडा उठे आणि दुसऱ्या टोकापर्यंत जाई. "दोन!" तिसऱ्या लाटेला मनूबियाचा आवाज त्यात होता. सातव्या लाटेला ती हसत होती. ते हसू तीन वर्षांनी आलं होतं.

बाहेर आल्यावर हालिना निथळत त्याच्याजवळ आली. रडत होती का खारं पाणी होतं, कळत नव्हतं.

"माझ्या आईला आणते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी. तिला हे बघायचं आहे. कोणता दिवस?"

"बारा जुलै," मोंजी म्हणाला. "पहाटे."

आजी हेच सांगे, आई हेच सांगे. औस्सू बारा जुलैला लागतो, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

हालिना जराशी घोटाळली. आज तर पंचवीस उजाडत होती. मग लिबियातली चार वर्षं तिच्या मदतीला आली. "हां," ती म्हणाली, "रमझानसारखं. दर वर्षी थोडं मागे. बरोबर?"

मोंजीचं लक्ष मनूबियाकडे होतं. ती ओल्या केसांतलं पाणी पिळत शाझलीच्या बायकोला काहीतरी सांगून पुन्हा हसत होती. त्याने मान हलवली. होय अशी. हालिनाने बसच्या तिकिटामागे तारीख लिहिली, आणि ती लिहिताना मोंजीने पाहिलं.

पत्र आलं ते पुढच्याच्या पुढच्या वर्षी, वसंतात, बर्फाच्या कारखान्याच्या पत्त्यावर. तिला अरबी बोलता येई, लिहिता येत नसे, म्हणून तिने बोलल्यासारखी अरबी आपल्या अक्षरांत उतरवली होती. डोळ्यांनी ती वाचताच येईना. शेवटी मोंजीने कारखान्याचं दार लावून घेतलं आणि पत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा हालिनाच त्या थंड खोलीत बोलायला लागली.

*सी मोंजी, तुम्हांला आणि लल्ला मनूबियाला सलाम. मी आईला घेऊन आले होते, बारा जुलैच्या पहाटेसाठी. आम्ही मोनास्तीरला उतरलो होतो, तिथून टॅक्सीने मध्यरात्री पोचलो. दुपारी परतीचं विमान होतं, आमच्याकडे ती एकच रात्र होती. किनाऱ्यावर कोणी नव्हतं. मी आईला म्हटलं, आत्ता येतील. तुमचं घर शोधलं, पण सगळी दारं निळी, आणि रात्री कोणाचं दार वाजवू? कुत्री भुंकत होती. आई बूट मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसली. मग म्हणाली, छान किनारा आहे, हालिना, चल आता. आई फेब्रुवारीत गेली. तिला मोठा आजार होता. मला माहीत होतं, तिला नव्हतं. शेवटी ती म्हणाली, तू ती गोष्ट माझं मन रमवायला रचलीस, पण छान रचलीस. मी म्हटलं, खरी आहे. ती हसली. आता माझं मलाच कळत नाही. ती रात्र झाली होती ना? एवढंच लिहा.*

मोंजीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तळाशी मुंगीएवढी अक्षरं होती.

चूक एवढीच असती तर त्याने त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं. हातून झालेली चूक कबूल करायला लाज वाटली असती, पण तेवढी लाज त्याच्या अंगवळणी होती. पण ते पत्र वाचताना त्याला गेल्या जुलैतली एक रात्र आठवली. उन्हाळ्यात सगळ्यांसारखे तेही गच्चीवर झोपत. कुत्री फार भुंकायला लागली म्हणून मनूबियाने त्याला कोपराने ढोसलं होतं, "बघ तरी कोण आहे." तो उठून कठड्याशी गेला होता. चांदण्यात रिकामी वाळू, आणि तिच्यावर बसलेल्या दोन बायका. एक ताठ, दुसरी वाकलेली, मांडीवर काहीतरी घेऊन. इतक्या रात्री कोण बसलंय, हे त्याच्या मनात आलं होतं. खाली उतरून विचारावं, हेही आलं होतं. मग अनोळखी बायांशी बोलायचं काय, या विचाराने तो गारठला, आणि म्हणाला, "कोणी नाही. झोप."

घरापासून त्या वाळूपर्यंत तीनशे पावलं. त्याने नंतर मोजली होती.

उत्तर लिहायला तो कितीतरी वेळा बसला. कॅलेंडरचं लिहून गच्चीचं वगळलं, तर ते खोटं झालं असतं. गच्चीचं लिहायला हात धजत नव्हता. कागद फाडून तो पुन्हा पुस्तकात तोंड घाले. मनूबियाने एकदा विचारलं, कुणाचं पत्र होतं म्हणे कारखान्यात? तो म्हणाला, सरकारी.

दरवर्षी औस्सू येत गेला. तो निवृत्त झाला. मनूबियाचे गुडघे गेले. आणि ती दरवर्षी त्या पोलंडवालीला नावं ठेवत राहिली, कारण ज्या बाईने हात धरून समुद्र परत मिळवून दिला तिनेच विसरावं, हे तिला सोसत नव्हतं.

या वर्षी मनूबियाला किनाऱ्यापर्यंत न्यायला शाझलीने मासळीची हातगाडी आणली.

"लल्ला मनूबिया, गाडी धुतली आहे हो. दोनदा. तरी सुरमई शेजारी बसल्यासारखं वाटलं तर रागावू नका."

"सुरमई बरी. ती बोलत तरी नाही," मनूबिया म्हणाली आणि चादर सावरून राणीसारखी गाडीत बसली.

वाळूवर तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. चटया पसरल्या, शेगड्या पेटल्या. गावात आता बरंच काही बदललं होतं. पोरांच्या हातात फोन होते, त्यातून गाणी वाजत होती. पण रात्र चढत गेली तशी ती आपोआप थांबली आणि समुद्राचा आवाज पुन्हा वर आला. दूर होड्यांमागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या होत्याच. तिकडे अजूनही कोणी बघत नव्हतं.

"यंदा मी नाही जायची पाण्यात," मनूबिया म्हणाली. "सात लाटा माझ्या नावच्या तुम्हीच घ्या."

"असं कसं?" शाझली म्हणाला.

"असंच. पाय उचलत नाहीत. मला उठवायला तशी कोणी हवी, न विचारता हात धरणारी." तिचा आवाज कडवट झाला. "होती एक. इथे बसून आईची शपथ घेतली, आईला आणते म्हणाली. खोटारडी. चार घटका गोड बोलायचं आणि निघून जायचं, फिरस्त्यांची जातच तशी."

"ती आली होती," मोंजी म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की त्याला वाटलं, कोणी ऐकला नसेल. पण मनूबियाने मान वळवली.

"कोण?"

"हालिना. आईला घेऊन आली होती. पुढच्याच साली. मी तिला बारा जुलै सांगितलं, तर ती सरकारी बारा जुलैला आली."

शाझली चहा ओतता ओतता थांबला. मग, त्याला असतं तेवढं सगळं शहाणपण एकवटून, तो किटली घेऊन दुसऱ्या चटईकडे निघून गेला.

मोंजीने सगळं सांगितलं. पत्र त्याला पाठ होतं. समुद्राकडे तोंड करून त्याने ते पहिल्या सलामापासून म्हटलं. "आता माझं मलाच कळत नाही" इथे त्याला थांबावं लागलं. मग त्याने गच्चीचं सांगितलं.

मनूबियाने चादर खांद्यांवरून ओढून घेतली.

"मी तुला म्हटलं होतं," मनूबिया म्हणाली, "बघ कोण आहे."

"हो."

"तू म्हणालास, कोणी नाही."

"हो."

"आणि तेहेतीस वर्षं मी तिला शिव्या घालत होते, तेव्हा तू चटया गुंडाळत होतास."

समोर बायका उठायला लागल्या होत्या. चंद्र पुनवेला येऊन ठेपला होता आणि पाण्यावर पट्टा पडला होता. मनूबियाने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले.

"शाझली!" तिने हाक मारली. "चार जण बोलाव. खुर्चीसकट उचला मला."

मोंजी पुढे झाला, तशी ती म्हणाली, "तू नाही. तू इथेच थांब. काठावर बसून बघायचं तुला चांगलं जमतं."

चौघांनी खुर्ची उचलली. पांढरी चादर वाऱ्यावर मागे उडत होती. बायकांनी वाट करून दिली आणि मग खुर्चीभोवती पुन्हा मिटल्या. मोंजी रिकाम्या चटयांमध्ये एकटा उरला. समोर शेकडो माणसं पाण्यात होती आणि त्याच्या आजूबाजूला फक्त वाळू होती. त्या दोघी बसल्या असतील ती साधारण इथेच. त्याने मागे वळून गावाकडे पाहिलं, तर आपल्या घराची गच्ची इतकी जवळ दिसली की तिथून कोणी खोकलं असतं तरी ऐकू आलं असतं.

"एक!" टोकाकडून आवाज उठला आणि त्याच्यासमोरून पुढे गेला. लाटेने सगळ्या चादरींना एकदम उचललं, खुर्चीलाही. सत्तरीला आलेली त्याची बायको आकाशाच्या कडेला क्षणभर तरंगली आणि खाली आली. हे सगळं त्याने साठ-पासष्ट वेळा पाहिलं असेल. तरी हालिनाच्या चेहऱ्यावर त्या रात्री काय होतं, ते त्याला आज कळलं. हे आहे, आणि मी याच्याजवळ बसलो आहे, एवढंच. कोणी आईला दाखवायला हजार मैलांवरून येतं, ते एवढ्याचसाठी.

सातव्या लाटेनंतर त्यांनी तिला परत आणलं. निथळत, कुडकुडत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"टॉवेल दे," शेवटी ती म्हणाली. "आणि उद्या सकाळी कागद घेऊन बस."

सकाळी तो बसला. मनूबिया समोर खुर्चीवर, काठी गुडघ्यांत धरून, न्यायाधीशासारखी.

"काय लिहिलंस?"

"आपल्याकडे तीन तारखा चालतात, त्यांपैकी अजमी तारीख..."

"तिने तुला कॅलेंडर विचारलंय का?"

"नाही, पण चूक कशी झाली ते..."

"तिने काय विचारलंय?"

"ती रात्र झाली होती ना, असं."

"मग आधी 'हो' लिही. एकटाच लिही तो शब्द. खाली जागा सोड, मग तुझं पुराण."

मोंजीने नवा कागद घेतला. हालिनाला वाचता यावं म्हणून तिच्याच पद्धतीने, बोलती अरबी तिच्या अक्षरांत, तो सावकाश लिहू लागला. *हो.* मग ओळ सोडून: *ती रात्र झाली होती. तुम्ही माझ्या बायकोचा हात धरला होता. तीन वर्षं ती समुद्रात गेली नव्हती आणि तेव्हापासून एकाही वर्षी चुकली नाही. चूक तारखेची नव्हती, माझी होती.* पुढे त्याने कॅलेंडरचं लिहिलं, चार ओळींत. मग गच्चीचं लिहिलं. कुत्री, चांदणं, मांडीवरचे बूट, 'कोणी नाही'. काही वगळलं नाही. पान संपलं तेव्हा त्याला वाटलं, आणखी सुंदर लिहायला हवं होतं. इतकी पुस्तकं वाचून शेवटी हे इतकंच.

"वाच," मनूबिया म्हणाली.

त्याने वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"तिच्या आईबद्दल काही लिही."

"काय लिहू?"

मनूबियाने विचार केला. "लिही, ती बसली तीच जागा होती. फक्त आम्ही नव्हतो."

त्याने ते शेवटी लिहिलं आणि दोघांची नावं घातली.

टपाल कचेरीतल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला, पुन्हा वाचला. "सी मोंजी, हा पत्ता केव्हाचा आहे?"

"पंच्याऐंशीचा."

"तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता." मग तिला आपलं बोलणं टोचलं असावं. "म्हणजे, पोचेलही. तिकडचं टपालखातं फार शोधतं म्हणतात. नाही पोचलं तर परत येईल तुमच्याकडे."

"येऊ दे," मोंजी म्हणाला. "पुन्हा पाठवीन."

तिकिटं चिकटवून तो बाहेर आला. मनूबिया दाराजवळच्या पायरीवर बसली होती. घरापासून इथवर येताना ती तीनदा थांबली होती, पण घरी थांबायला तयार झाली नव्हती. तिने हात पुढे केला.

"दे इकडे. तुझा भरवसा नाही."

त्याने पाकीट तिच्या हातात दिलं आणि तिला दंडाला धरून उठवलं. ती पिवळ्या पेटीपाशी गेली, पाकीट तळहातावर जरा वजन केल्यासारखं धरलं, उलटसुलट करून तिकिटं नीट बसली आहेत का ते अंगठ्याने चाचपलं, आणि फटीतून आत सोडलं. आत पत्र्यावर पडल्याचा बारीक आवाज आला. तरी बोटं फटीत तशीच ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली, आणि तिने हात काढेपर्यंत मोंजीने तिचा दंड सोडला नाही.